माउस बंद पडला? निस्त्या कीबोर्डावर कॉम्प्युटर असा चालवा

आमच्या इकडं उंदीर कापसाच्या गंजीत असतात, तुरीच्या पोत्यात असतात, अन् मागच्या पावसाळ्यात एक माझ्या ऑनलाईन फॉर्म भरायच्या सेंटरच्या काउंटरखाली पण निघाला, त्यानं रात्रीतून माउसची वायर अशी कुरतडली की सकाळी हातात नुसती शेपटी आली. पीक विम्याचे शेवटचे दोन दिवस, सात वाजतापासून पायरीवर लोकं बसलेले, दुसरा माउस घ्यायचा तर दारव्ह्याला जा अन् तिथली दुकानं दहा-साडेदहाशिवाय उघडत नाहीत. एक काकाजी म्हणाले, "काहून बसला बे, मशीन तं सुरू दिसून राहिलं." मशीन सुरूच होतं, मलाच चालवता येत नव्हतं. एमएससीआयटी केलेली, दहा-बारा वर्षं सेंटर चालवलेलं, अन् कीबोर्डाचं येत काय होतं तर कंट्रोल सी अन् कंट्रोल व्ही.

त्या दिवशी दुपारपर्यंत कसेबसे ९ फॉर्म झाले, तेही दोन चुकीचे. पण तेव्हापासून शिकलो अन् आता माउस टेबलावर असला तरी अर्धा दिवस हात लागत नाही. खाली जे लिहिलं ते विंडोज १० अन् ११ साठी आहे, सेंटरवाल्यांना, ग्रामपंचायतीत डाटा भरणाऱ्यांना, टायपिंगच्या पोट्ट्यांना, सगळ्यांना कामी पडेल. जिथं दोन बटनांमध्ये अधिकचं चिन्ह आहे तिथं पहिलं बटन दाबून ठेवून दुसरं दाबायचं.

आधी फोकस, मग शॉर्टकट

लोकं शॉर्टकटची यादी छापून भिंतीला चिकटवतात अन् आठ दिवसांत विसरतात, मीपण चिकटवली होती. यादीत एक गोष्ट लिहिलेली नसते ती म्हणजे फोकस. माउसला बाण असतो, तो दिसतो. कीबोर्डाला बाण नाही, त्याला फोकस असतो, म्हणजे स्क्रीनवर एखाद्या बटनाभोवती किंवा रकान्याभोवती बारीक चौकट येते, कुठं निळी, कुठं काळी, कुठं ठिपक्यांची, कुठं निस्ता रंग थोडा गडद होतो. तुम्ही जे दाबाल ते त्या चौकटीतच जाऊन लागतं, तुमची नजर कुठंपण असो. बैल कुठं उभा आहे ते न पाहता हाकायची तुतारी टोचली तर बैल चालतो, पण उभ्या कापसाच्या पराटीत चालतो.

म्हणून कोणतंही बटन दाबायच्या आधी डोळ्यानं फोकस शोधायचा, अन् नाही दिसला तर एकदा टॅब दाबा, तो पुढच्या जागेवर उडी मारतो तेव्हा हललेलं दिसतं, मग शिफ्ट+टॅब दाबून मागं या. ही सवय दोन दिवसांत लागते अन् ती लागली की बाकी सगळं सोपं आहे.

मुख्य बटनं एवढीच: टॅब म्हणजे पुढं, शिफ्ट+टॅब म्हणजे मागं. एंटर म्हणजे लिंक उघडणं किंवा बटन दाबणं. स्पेस म्हणजे चौकोनात टिक लावणं किंवा काढणं, बटनपण स्पेसनं दाबलं जातं. बाण म्हणजे एकाच गटात इकडंतिकडं, जसं मेनूत, यादीत, स्त्री-पुरुषवाल्या गोल पर्यायांत. गोल पर्यायांत टॅब दाबून दुसऱ्या पर्यायावर जाताच येत नाही, तिथं बाणच लागतो, हे न कळल्यानं मी पहिल्या दिवशी अर्धा तास घालवला. अन् एस्केप म्हणजे जे उघडलं ते बंद, चुकलात की पहिले एस्केप.

प्रोग्रॅम उघडणं अन् खिडक्या बदलणं

कंट्रोल अन् अल्टच्या मधात खिडकीचं चिन्ह असलेलं बटन आहे, तेच विंडोज बटन. ते एकदा दाबून सोडा, स्टार्ट उघडतो, कुठं काही शोधत बसू नका, सरळ प्रोग्रॅमच्या नावाची दोनचार अक्षरं इंग्रजीत टाईप करा अन् नाव वर दिसलं की एंटर. ते बटन कीबोर्डावर तुटलेलं असेल, जुन्या कीबोर्डांवर राहतेच, तर कंट्रोल+एस्केप तेच काम करते.

इथं मराठी टाईप करणाऱ्यांची एक हमखास फजिती होते. इनस्क्रिप्ट मराठी सुरू राहिलेलं असतं अन् तुम्ही स्टार्टमध्ये क्रोमची इंग्रजी अक्षरं दाबता, तिथं उमटतं "मपीदसा". कॉम्प्युटर म्हणतो असं काही नाही, तुम्ही म्हणता क्रोम उडालं. काही उडालेलं नसतं, विंडोज+स्पेस दाबून भाषा इंग्रजी करा अन् पुन्हा टाईप करा.

उघड्या खिडक्यांत फिरायला अल्ट+टॅब. अल्ट दाबूनच ठेवायचा, टॅब एकेकदा दाबत जायचं, पाहिजे ती खिडकी आली की अल्ट सोडायचा. पुढं निघून गेलात तर अल्ट न सोडता शिफ्टसोबत टॅब, मागं येते. खालच्या पट्टीवर जे प्रोग्रॅम लावून ठेवले आहेत त्यांना डावीकडून नंबर असतात, विंडोज+१ म्हणजे पहिला, विंडोज+२ म्हणजे दुसरा. मी १ वर ब्राउझर, २ वर स्कॅनचं फोल्डर, ३ वर एक्सेल लावलं आहे, दिवसभरात माझं सगळ्यात जास्त वापरातलं हेच आहे.

बाकी हाताला लावून घ्यायचं: विंडोज+डी सगळं खाली करून डेस्कटॉप, पुन्हा दाबलं की सगळं वापस. विंडोज+ई फाईलींची खिडकी. विंडोज+एल कुलूप, चहाला उठताना हे दाबायचं, लोकांचे आधार नंबर स्क्रीनवर उघडे ठेवून उठायचं नाही. विंडोज+वरचा बाण खिडकी पूर्ण मोठी. अल्ट+एफ४ खिडकी बंद.

कधीकधी एखादी खिडकी स्क्रीनच्या बाहेरच निघून जाते, खाली पट्टीवर दिसते पण वर येत नाही. अल्ट+टॅबनं ती निवडा, मग अल्ट+स्पेस, एक छोटा मेनू येतो, त्यात एम दाबा, आता एकदा कोणताही बाण दाबा अन् मग बाणानं ओढत आणा, एंटर. हे काम माउसनं लय अवघड जाते, कारण जी दिसतच नाही तिला पकडणार कुठून.

राईट क्लिक अन् फाईली

राईट क्लिकसाठी शिफ्ट+एफ१०. काही कीबोर्डांवर उजव्या कंट्रोलच्या बाजूला मेनूचं वेगळं बटन असतं, तेही चालते. फाईलींच्या खिडकीत फाईलीच्या नावाचं पहिलं अक्षर दाबलं की फोकस तिथं जातो, दोनतीन अक्षरं भराभर दाबली तर नेमकी फाईल सापडते. नाव बदलायला एफ२, नवीन फोल्डर कंट्रोल+शिफ्ट+एन, एक पायरी वरच्या फोल्डरात अल्ट+वरचा बाण. अल्ट+एंटर दाबला की फाईलीची माहिती उघडते, तिथं किती केबीची आहे ते कळते, फोटो ५० केबीच्या आत पाहिजे म्हणणाऱ्या फॉर्मांच्या वेळी हे लय कामाचं.

शिफ्ट+डिलीटपासून दूर राहा. त्यानं फाईल रिसायकल बिनमध्ये न जाता सरळ जाते.

लॅपटॉपवाल्यांसाठी: एफ२ दाबल्यावर नाव बदलायच्या ऐवजी आवाज किंवा उजेड कमी-जास्त होत असेल तर खालच्या कोपऱ्यातलं एफएन बटन सोबत दाबा. अन् टचपॅड अचानक बंद पडलं असेल तर दुकानात न्यायच्या आधी वरच्या ओळीत टचपॅडचं चित्र असलेलं बटन पाहा, लहान पोरांच्या हातानं तेच दाबलं गेलेलं असते.

ब्राउझर

ब्राउझरमध्ये एका वेळी उघडलेल्या पानांनापण टॅब म्हणतात, ते टॅब बटन वेगळं. नवीन टॅब कंट्रोल+टी, बंद करायला कंट्रोल+डब्ल्यू, चुकून बंद केला तर कंट्रोल+शिफ्ट+टी दाबून वापस. पुढच्या टॅबवर कंट्रोल+टॅब. वर पत्ता टाकायच्या जागी जायला कंट्रोल+एल. मागच्या पानावर अल्ट+डावा बाण. पान खाली सरकवायला स्पेस, वर शिफ्ट+स्पेस. अक्षर मोठं कंट्रोल अन् अधिक, लहान कंट्रोल अन् वजा, होतं तसं कंट्रोल+०.

पूर्वी क्रोममध्ये बॅकस्पेस दाबला की पान मागं जायचं, रकान्यात कर्सर आहे असं समजून बॅकस्पेस मारला अन् अख्खा भरलेला फॉर्म गेला, असं जगभर लोकांचं व्हायचं. २०१६ मध्ये क्रोमनं ते काढून टाकलं. तेव्हापासून अल्ट+डावा बाणच आहे. त्यांचीपण अडचण फोकसचीच होती पाहा.

एखादी लिंक पानात खूप खाली असेल तर पन्नासदा टॅब दाबत बसू नका. कंट्रोल+एफ दाबा, लिंकवर जो शब्द लिहिला आहे तो टाईप करा, शब्द रंगला की एस्केप दाबा अन् मग एंटर, क्रोममध्ये फोकस त्या लिंकवरच येऊन बसतो. शब्द दोनतीन जागी असेल तर एस्केपच्या आधी एंटर दाबत पुढच्या जागेवर जा. हा एक डाव आला तर अर्धा माउस वाचला समजा.

सरकारी वेबसाईटी अंध लोकांनाही कीबोर्डावरून वापरता आल्या पाहिजेत असं केंद्र सरकारच्या २००९ पासूनच्या नियमावलीत आहे. म्हणून पुष्कळ सरकारी पानांवर पहिल्यांदा टॅब दाबला की मुख्य मजकुराकडे जा अशी लपलेली लिंक वर येते. तिथंच एंटर मारा, वरचा सगळा मेनू ओलांडून सरळ कामाच्या जागी पोचता.

फॉर्म भरणं, इथं हळू वाचा

पहिल्या रकान्यात कर्सर आणला की पुढं टॅब, टाईप, टॅब, टाईप. आधार नंबरचे तीन वेगळे डबे असले तर काही पानं चार आकडे झाले की आपोआप पुढं जातात, काही जात नाहीत, तिथं सवयीनं टॅब मारला तर एक डबा सुटतो. पाहून दाबा.

यादीतून जिल्हा निवडायचा तर यादी उघडायचीपण गरज नाही. फोकस जिल्ह्याच्या रकान्यावर आला की इंग्रजी वाय दाबा, यवतमाळ लागलं, वायवर दुसरा जिल्हाच नाही. डब्ल्यू दाबला तर वर्धा, पुन्हा डब्ल्यू तर वाशिम. जी वर गडचिरोली, पुन्हा जी वर गोंदिया. अमरावतीला मात्र ए अन् एम भराभर दाबा, नाहीतर आधी अहिल्यानगर, मग अकोला असं एकेक करत जावं लागते. अल्ट+खालचा बाण दाबला तर यादी उघडते, बाणानं फिरा, एंटरनं पक्कं करा. यादी इंग्रजीत असली तर हे असं, मराठीत असली तर मी सरळ बाणच वापरतो. अन् काही याद्यांत वर शोधायचा डबा असतो, तिथं एंटरनं यादी उघडून नाव टाईप करायचं.

आता ते चुकलेले दोन फॉर्म. एका काकाजींचा तालुका मी डी दाबून दारव्हा लावला, बरोबर लागला. मग गावाची यादी पाहायला पान जरा खाली सरकवावं म्हणून खालचा बाण दाबला. पान हललं नाही, कारण फोकस अजून तालुक्याच्या रकान्यातच होता. बाणानं काय केलं तर दारव्ह्याच्या खालचं नाव लावलं, दिग्रस. मी तिकडं पाहिलंच नाही, गावाची यादी पूर्ण दिग्रसची आली अन् मी काकाजींना म्हणून राहिलो, "तुमचं गाव यादीतच नाही." काकाजी म्हणे, "गाव तं काल रात्रीलोक होतं बाप्पा."

तर नियम असा: यादीतून काही निवडलं की लगेच टॅब दाबून त्या रकान्याबाहेर या, मगच पान सरकवा. क्षेत्राच्या आकड्याच्या रकान्यातपण हेच, तिथं वरखाली बाण दाबला की हेक्टरचा आकडा कमी-जास्त होतो, अन् तो चुकला तर शेतकऱ्याचं नुकसान आहे, तुमच्या कीबोर्डाचं नाही. दुसरा फॉर्म माझा असाच गेला होता, वेळेवर दिसलं म्हणून दुरुस्त झाला.

तारखेचा रकाना साधा असेल तर निस्ते आकडे टाईप करत जा, तो दिवसावरून महिन्यावर अन् महिन्यावरून वर्षावर आपोआप जातो, फक्त महिना आधी आहे का दिवस आधी ते पाहा. कॅलेंडर उघडून आडवं आलं तर एस्केप. अन् भरता भरता मधातच एंटर मारू नका, बऱ्याच फॉर्मांत एंटर म्हणजे सबमिट.

कागद अपलोड करायचा असेल तर त्या बटनावर टॅबनं या, स्पेस दाबा. जी खिडकी उघडते तिच्यात कर्सर आधीच फाईलीच्या नावाच्या डब्यात असतो. नावाची पहिली अक्षरं टाईप करा, खाली नावं सुचतात, खालच्या बाणानं निवडा, एंटर. दुसऱ्या फोल्डरात जायचं असेल तर शिफ्ट+टॅबनं फाईलींच्या यादीत जाऊन एंटरनं फोल्डर उघडा. मी तर स्कॅन केलेल्या कागदांना आता लहान नावं देतो, सातबारा, पासबुक, आधार अन् पुढं टोकन नंबर, इंग्रजी अक्षरांत, म्हणजे तीन अक्षरांत फाईल सापडते. मोबाईलवरून आलेली लांबलचक आकड्यांची नावं कीबोर्डावर शोधणं म्हणजे डोक्याला ताप.

पावती आली की कंट्रोल+पी, प्रिंटची खिडकी उघडली की प्रिंटर बरोबर आहे ते पाहून एंटर. प्रिंटरमध्ये कागद नसेल तर विंडोज+प्रिंट स्क्रीन दाबा, पूर्ण स्क्रीनचा फोटो पिक्चर्समधल्या स्क्रीनशॉट फोल्डरात पडतो, अर्ज क्रमांक हातचा जात नाही.

जिथं टॅब पोचतच नाही

काही पानं अशी बनवलेली असतात की बटन दिसतं बटनासारखं पण टॅब त्याच्यावर थांबतच नाही. तिथं कीबोर्डालाच माउस बनवायचं. डावा अल्ट, डावा शिफ्ट अन् नमलॉक तिन्ही एकदम दाबा, एक प्रश्न येतो, एंटर मारून हो म्हणा. आता उजवीकडच्या आकड्यांच्या डब्यात ८ नं बाण वर, २ नं खाली, ४ नं डावीकडं, ६ नं उजवीकडं, कोपऱ्यातले ७, ९, १, ३ तिरपे. ५ म्हणजे क्लिक, अधिकचं बटन म्हणजे डबल क्लिक. वजा दाबून मग ५ दाबला तर राईट क्लिक, पुन्हा साध्या क्लिकवर यायला भागाकाराची तिरपी रेघ. ओढायचं असेल तर ० नं पकडा, टिंबानं सोडा. माउस कीजच्या सेटिंगमध्ये तो पर्याय सुरू असेल तर कंट्रोल धरून ठेवला की बाण जोरात पळतो, शिफ्ट धरला की मुंगीसारखा. काम झालं की तीच तिन्ही बटनं पुन्हा एकदम दाबून हे बंद करा, त्या डब्यातून बाण हलवणं अन् आकडे टाईप करणं दोन्ही एकाच वेळी होत नाही. लॅपटॉपला उजवीकडं आकड्यांचा डबा नसेल तर हा उपाय चालत नाही.

माउसला हे काही बरोबरीचं नाही, हळू आहे. पण एका हट्टी बटनासाठी बावीस किलोमीटर जाण्यापेक्षा बरं.

शिफ्ट पाचदा भराभर दाबला गेला तर स्टिकी कीज सुरू करायचा का असा प्रश्न येतो, घाबरू नका, व्हायरस नाही, नाही म्हणायचं असेल तर एस्केप. ज्यांना एकाच हातानं काम करावं लागते त्यांनी मात्र हो म्हणा, मग कंट्रोल अन् सी एकामागून एक दाबले तरी चालते. अन् ज्यांना दिसत नाही ते तर अख्खं कॉम्प्युटर असंच चालवतात, एनव्हीडीए नावाचा फुकटचा प्रोग्रॅम आहे तो फोकस जिथं असेल ते बोलून दाखवतो. त्यात एच दाबलं की पुढचं शीर्षक, के दाबलं की पुढची लिंक. फोकस म्हणजे काय हे खरं समजायचं असेल तर एकदा तो लावून डोळे मिटून बसा.

अडकलं तर, अन् लाईन गेली तर

प्रोग्रॅम अडकला तर कंट्रोल+शिफ्ट+एस्केप, टास्क मॅनेजर उघडतो, टॅबनं यादीत जा, बाणानं अडकलेलं नाव निवडा, डिलीट. कंट्रोल+अल्ट+डिलीटनं पण तिथं जाता येते, एक पायरी जास्त.

आपल्याकडं खरी गरज लाईन जाते तेव्हा आहे. युपीएस टुकटुक करायला लागला की माझ्याकडं सातआठ मिनिटं असतात, बॅटरी जुनी आहे. पहिले कंट्रोल+एस, वर्ड-एक्सेल जे उघडं असेल त्यात. ब्राउझरमधला फॉर्म कंट्रोल+एसनं सेव्ह होत नाही हे ध्यानात ठेवा, तिथं ड्राफ्ट सेव्ह करायचं बटन असेल तर तेच दाबायचं, नसेल तर तो गेला. मग विंडोज+एक्स, सोडा, यू, अन् पुन्हा यू. बंद व्हायला लागते.

माझा मॉनिटर युपीएसवर नाही, त्यामुळं लाईन गेली की स्क्रीन आधी काळी होते अन् कॉम्प्युटरचा डबा मागं चालूच राहतो. पूर्वी मी डब्याचं चालू-बंदचं बटन दाबून धरायचो, त्यात एकदा एक्सेलची फाईल बिघडली. आता अंधारातच हात चालतो: कंट्रोल+एस, मग विंडोज+एक्स, एक श्वास, यू, यू. पंखा थांबल्याचा आवाज आला की बंद झालं. पंधरावीस सेकंदांत थांबला नाही तर कुठली तरी खिडकी सेव्ह करू का म्हणून अडून बसलेली असते, तिच्यासाठी एस्केप दाबा अन् लाईनची वाट पाहा, नाहीतर मॉनिटरची पिन युपीएसच्या मागच्या सॉकेटमध्ये टाका.